मॅकटिअर्ननचे फसलेले सिनेमेही दाखवा

दिग्दर्शकांची सिंहावलोकनं भरवणाऱ्या फिल्म सोसायट्यांच्या संयोजकांना खुलं पत्र

संयोजक मित्रहो,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या कार्यक्रमपत्रिकांवर अ‍ॅक्शनपटांचे दिग्दर्शक दिसायला लागले, याचा मला किती आनंद झालाय हे आधी सांगतो. हाणामारीचा सिनेमा डोकं बाजूला ठेवून बघायचा असतो, हे ऐकतच माझी पिढी मोठी झाली. तुम्ही त्या सिनेमाला मोठा पडदा दिलात, प्रास्ताविक दिलंत, खेळ संपल्यावर चर्चेला अर्धा तास दिलात. म्हणून ही तक्रार आपल्या माणसांकडे करावी तशी करतोय.

तक्रार हॉलिवूडचा दिग्दर्शक जॉन मॅकटिअर्नन याच्या सिंहावलोकनांबद्दल, म्हणजे त्याचे निवडक सिनेमे ओळीने दाखवणाऱ्या कार्यक्रमांबद्दल आहे. मी आजवर जेवढी पाहिली, त्या सगळ्यांची पत्रिका जवळजवळ एकच होती. ‘प्रेडेटर’ (१९८७), ‘डाय हार्ड’ (१९८८), ‘द हंट फॉर रेड ऑक्टोबर’ (१९९०). फार तर शेवटच्या दिवशी १९९५ चा तिसरा ‘डाय हार्ड’. आणि प्रास्ताविकात हमखास एक वाक्य: ‘यानंतर मात्र त्यांना उतरती कळा लागली.’ १९८६ ते २००३ या काळात या माणसाने अकरा सिनेमे केले. त्यातले तीन-चार आपण डोक्यावर घेतो आणि उरलेले त्या एका वाक्यात गुंडाळतो. उतरती कळा म्हणजे नेमकं काय उतरलं, हे कुणी दाखवत नाही. प्रेक्षक तीन उत्तम सिनेमे बघून खूश होऊन जातो. पण ते उत्तम का आहेत, हे त्याला येताना जेवढं कळत होतं तेवढंच जाताना कळत असतं.

माझी मागणी एवढीच आहे, की फसलेले सिनेमेही त्याच पडद्यावर, त्याच मानाने आणि चांगल्यांच्या शेजारी दाखवा.

हे माझ्या डोक्यात कुठून आलं ते सांगतो. अशाच एका कार्यक्रमात ‘डाय हार्ड’ संपला आणि चर्चा सुरू व्हायला वेळ होता. मी पत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलीने सिनेमातली ती नाकातोमी कंपनीची उंच इमारत काढायला घेतली, जिथे दरोडेखोर लोकांना ओलीस धरतात आणि मॅक्लेन नावाचा पोलीस एकटा त्यांच्याशी लढतो. खाली लॉबी, तिथला नावं शोधायचा स्क्रीन. तिसाव्या मजल्यावर पार्टी आणि तिजोरी. वर बांधकाम चालू असलेले मजले, यंत्रांची खोली, लिफ्टची विहीर, सगळ्यात वर गच्ची. खाली रस्त्यावर गाडीत बसलेला पोलीस पॉवेल. पाच मिनिटांत चित्र पूर्ण झालं आणि कोण कुठून कुठे पळालं याचे बाणही काढून झाले. मी काही वास्तुरचनाकार नाही. मला ती इमारत काढता आली, कारण सिनेमाने ती मला शिकवली होती. बघताना मला त्याचा पत्ताही लागला नव्हता.

कशी शिकवली, ते एका छोट्या गोष्टीत दिसतं. वरच्या अर्धवट मजल्यावर कामगारांनी भिंतीवर एका मॉडेलचं चित्र चिकटवलंय. मॅक्लेन पहिल्यांदा तिथून जातो तेव्हा त्याची नजर चित्रावर जाते आणि प्रेक्षक हसतात. नंतर तो पुन्हा जिवाच्या आकांताने पळत येतो, तेव्हा तेच चित्र परत दिसतं. एका सेकंदात आपल्याला कळतं, की अरे, हा त्याच जागी आलाय. कुणी बोलून सांगत नाही, नकाशा दाखवत नाही. जे हसण्यासाठी ठेवलं होतं तेच वाट दाखवायला उपयोगी पडलं.

बुटांचंही तसंच. विमानात शेजारचा प्रवासी सल्ला देतो, की पोचल्यावर बूट-मोजे काढ आणि गालिच्यावर पायाची बोटं आवळ, प्रवासाचा शीण जातो. मॅक्लेन ते करून बघतो आणि नेमका तेव्हाच हल्ला होतो, म्हणून तो अनवाणी पळतो. पहिल्या गुंडाला मारल्यावर त्याचे बूट घालून बघतो, ते लहान पडतात. पुढे दरोडेखोरांचा म्होरक्या हान्स ग्रुबर आणि तो समोरासमोर येतात, ग्रुबर ओलीस असल्याचं नाटक करतो आणि बोलता बोलता त्याची नजर त्या उघड्या पायांवर जाते. काही मिनिटांत ग्रुबर आपल्या माणसाला सांगतो, काचांवर गोळ्या झाड. मग तो फरशीवर घसटत जाणारा मॅक्लेन, तळव्यांतून काचा उपसत वॉकी-टॉकीवर पॉवेलशी बोलणारा मॅक्लेन. विमानातल्या एका गप्पिष्ट माणसापासून त्या रक्ताळलेल्या पावलांपर्यंत साखळीची एकही कडी सुटत नाही. प्रत्येक गोष्ट आधीच्या गोष्टीमुळे घडते, आणि अमुक जागीच घडते.

आता दुसरी बाजू. काही दिवसांनी मी घरी ‘रोलरबॉल’ (२००२) लावला आणि तीच पेन्सिल घेऊन बसलो. नॉर्मन ज्युइसनच्या १९७५ च्या सिनेमाचा हा रीमेक. खेळ साधाच म्हणायचा: ट्रॅक, चाकांचे बूट घातलेले खेळाडू, मोटरसायकली, धातूचा चेंडू. इमारतीपेक्षा हे काढायला सोपं असायला हवं, कारण मैदान म्हणजे आयता नकाशाच. मी चार वेळा सिनेमा थांबवून मागे नेला. चेंडू कुणाच्या हातात आहे, आपला हीरो ट्रॅकच्या कोणत्या बाजूला आहे, गुण मिळवायला त्याला अजून किती अंतर जायचंय, यातलं काहीही मला कागदावर उतरवता आलं नाही. शॉट दोन सेकंद टिकत नाही. मोठा ड्रम वाजतो, कुणीतरी कठड्यावर आदळतं, गर्दी ओरडते, समालोचक किंचाळतो. कुणाचं काय बिघडलं हे कळत नाही, म्हणून कुणाचं वाईटही वाटत नाही.

दोन्ही सिनेमे एकाच दिग्दर्शकाचे आहेत, मित्रांनो. मधे चौदा वर्षं गेली. मला या गोष्टीचा धक्का बसला आणि तेवढाच फायदाही झाला. ‘डाय हार्ड’ मी कितीतरी वेळा पाहिला असेल, पण त्याची खरी ताकद मला त्या रात्री ‘रोलरबॉल’ने शिकवली. जागेचं भान ही मॅकटिअर्ननची मूळ ताकद आहे. ती त्याच्या उत्तम सिनेमांत इतकी सहज असते की दिसत नाही. ती जिथे हरवते तिथेच तिची जाणीव होते.

‘रोलरबॉल’मध्ये एक लांबलचक पाठलाग आहे. हीरो आणि त्याचा मित्र रात्री मोटरसायकलवरून सीमेकडे पळतात. हा सगळा भाग हिरव्या, दाणेदार, नाइट व्हिजनच्या चित्रात आहे. कित्येक मिनिटं आपण हिरव्या धुक्यात डोळे ताणून बसतो. ही नजर कुणाची? पाठलाग करणाऱ्यांची? वरून बघणाऱ्या कुणाची? सिनेमा सांगत नाही. आणि मग मला ‘प्रेडेटर’ आठवला, जंगलात सैनिकांच्या तुकडीची शिकार करणाऱ्या परग्रहावरच्या प्राण्याचा सिनेमा. त्यातही चित्राचा रंग बदलतो. जंगल निळं होतं, माणसं लाल-पिवळी होतात. पण पहिल्याच वेळी अंगावर काटा येतो, कारण हे कुणीतरी बघतंय, आणि अमुक उंचीवरून बघतंय, हे लगेच कळतं. त्या नजरेला उष्णता दिसते, हा नियम सिनेमा आपल्याला न बोलता शिकवतो. म्हणून शेवटी धबधब्यावरून पडलेला श्वार्झनेगर चिखलाने माखून काठाला लागतो आणि तो प्राणी त्याच्या समोरून निघून जातो, तेव्हा आपण श्वास रोखून धरतो. नियम ठाऊक असतो म्हणूनच त्याचा उलटा वापर अंगावर येतो. ‘प्रेडेटर’मधला रंग म्हणजे एक डोळा आहे. ‘रोलरबॉल’मधला रंग म्हणजे नुसता रंग आहे.

हे दोन सिनेमे एकाच संध्याकाळी, एकामागोमाग एक दाखवले तर? तासाभराच्या व्याख्यानाने जे समजणार नाही ते प्रेक्षकाला आपोआप समजेल.

‘प्रेडेटर’बद्दल आणखी एक सांगायचंय, कारण आपण उत्तम म्हणून शिक्का मारला की त्या सिनेमातलं काही तपासतच नाही. बंडखोरांच्या तळावरचा हल्ला आठवा. झोपड्या उडतात, माणसं हवेत फेकली जातात, कोण कुठून गोळी झाडतंय ते कळत नाही, टाळ्याखाऊ संवाद पडतात. त्या काळच्या कुठल्याही अ‍ॅक्शनपटात शोभला असता असा तो भाग आहे, आणि मला तो सिनेमातला सगळ्यात कच्चा भाग वाटतो. पण पुढे थोड्याच वेळात काय येतं बघा. एक साथीदार मारला जातो, तुकडीतला मॅक त्याची ती अजस्र मशिनगन उचलून जंगलावर रोखतो, बाकीचे येऊन त्याच्या बाजूला उभे राहतात आणि सगळे मिळून समोरचं रान अक्षरशः कापून काढतात. गोळ्या संपतात. नळ्या फिरत राहतात. धूर, पानं, शांतता. आणि समोर काहीच नाही. तळावर ज्या बंदुकांनी सगळं उडवलं, त्याच बंदुका इथे पोकळ ठरतात. इथून पुढे सिनेमा बदलतो, माणसं घाबरायला लागतात आणि सिनेमाही त्यांच्याबरोबर हळू आवाजात बोलायला लागतो. कच्चा भाग आणि पक्का भाग एकाच सिनेमात वीस-पंचवीस मिनिटांच्या अंतरावर सापडतात. ही तुलना चर्चेत का येत नाही?

‘पडलेला’ आणि ‘फसलेला’ हे दोन शब्द आपण एकच समजतो, तिथेही माझं भांडण आहे. ‘लास्ट अ‍ॅक्शन हीरो’ १८ जून १९९३ ला आला, ‘जुरासिक पार्क’च्या बरोबर एका आठवड्यानंतर. डायनोसॉरसमोर तो चिरडला गेला. त्याच्यावर सुमारे साडेआठ कोटी डॉलर खर्च झाला होता आणि अमेरिकेत त्याने पाच कोटींच्या आसपास कमावले. तेव्हापासून त्याच्यावर ‘पडला’चा शिक्का आहे. तो घाईत पूर्ण केलेला, भरकटलेला सिनेमा आहे हे मलाही मान्य आहे. गच्चीवरच्या अंत्ययात्रेचा तो प्रसंग संपता संपत नाही, विनोद कुठे थांबवायचा हे त्याला कळत नाही. पण त्यातला एक प्रसंग मी मॅकटिअर्ननच्या कुठल्याही प्रसंगाच्या तोडीस तोड मानतो. सिनेमाच्या आतला खलनायक पडद्याबाहेरच्या खऱ्या शहरात येतो. इथले नियम वेगळे आहेत का, हे त्याला बघायचं असतं. रात्रीच्या रस्त्यावर तो एका माणसाला गोळी घालतो आणि वाट बघतो. सायरन नाही, पोलीस नाहीत. मग तो मोठ्याने ओरडून सांगतो, की मी आत्ता एका माणसाला मारलंय, मुद्दाम मारलंय. उत्तर येतं ते एवढंच, की आवाज कमी कर. खलनायक झालेल्या चार्ल्स डान्सच्या चेहऱ्यावर तेव्हा जे हळूहळू उमटतं ते बघून पोटात खड्डा पडतो. खलनायकाला कळतं, की इथे आपण जिंकू शकतो. एवढी भीतिदायक गोष्ट एका ‘पडलेल्या’ विनोदी अ‍ॅक्शनपटात आहे, आणि ती मोठ्या पडद्यावर बघायला मिळावी म्हणून मी किती वर्षं थांबायचं?

उलट तिसरा ‘डाय हार्ड’ घ्या. १९९५ साली जगभर सर्वाधिक कमावणाऱ्या सिनेमांत तो अगदी वरच्या रांगेत होता, म्हणून तो तुमच्या पत्रिकेत सहज येतो. पहिला दीड तास मला प्राणांहून प्रिय आहे. एका इमारतीऐवजी सगळं न्यू यॉर्क हाताशी घेतलंय, तरी रस्ता चुकत नाही. वेळ कमी, अंतर ठाऊक, टॅक्सी बागेतून घुसवायची. तीन गॅलनचं आणि पाच गॅलनचं भांडं घेऊन नेमकं चार गॅलन पाणी मोजायचं ते कोडं तर मी मित्रांना आजही घालतो. लिफ्टमधली ती झटापट बघा. माणसं अंगाला अंग लागून उभी, गप्पा चालू, आणि मॅक्लेनला फक्त एका बिल्ल्यावरून संशय येतो. एवढ्याशा चौकटीत काय घडतंय, कुणाचा हात कुठे आहे, सगळं दिसतं. पण खलनायकांनी लुटलेल्या सोन्याचा माग लागेनासा झाला की सिनेमाचा दम सुटतो. डोकेदुखीच्या गोळ्यांच्या बाटलीवरच्या पत्त्यावरून मॅक्लेन थेट कॅनडाच्या सीमेपार पोचतो आणि हेलिकॉप्टरवर विजेची तार पाडून गोष्ट उरकतो. शेवट नंतर पुन्हा चित्रित केलेला आहे आणि तो तसाच दिसतो. ज्या सिनेमाने शहराचा कोपरान् कोपरा वापरला, त्याने शेवट अशा जागी केला जी आपण पूर्वी कधी पाहिलेलीच नाही. जागा परकी, म्हणून शेवटही परका. हा सिनेमा चालला, पण शेवटी घसरला. ‘लास्ट अ‍ॅक्शन हीरो’ पडला, पण अधूनमधून उंच उडाला. तिकीटबारीवरून निवड केली तर पहिला येतो, दुसरा कायमचा बाहेर राहतो.

‘द थर्टीन्थ वॉरियर’बद्दलही मला असंच वाटतं. मायकेल क्रायटनच्या १९७६ च्या कादंबरीवरचा हा सिनेमा. चित्रीकरण संपल्यावर तो वर्षभराहून जास्त अडकला. काही भाग क्रायटनने स्वतः पुन्हा चित्रित केला, पार्श्वसंगीत बदललं, आणि १९९९ च्या ऑगस्टमध्ये तो एकदाचा बाहेर पडला तेव्हा प्रचंड तोट्यात गेला. सांधे दिसतात, हे खरं. राजपुत्राच्या कारस्थानाचा धागा सुरू होतो आणि कुठेतरी गळून पडतो. तेरा योद्ध्यांपैकी पाच-सहा जण सोडले तर कोण मेलं याचा पत्ता लागत नाही. गुहेतल्या लढाईत तर मला ‘रोलरबॉल’ची चाहूल लागते.

पण शेकोटीचा तो प्रसंग! अरब प्रवासी इब्न फदलान उत्तरेकडच्या योद्ध्यांबरोबर प्रवास करतोय, त्यांची भाषा त्याला येत नाही. रात्रीमागून रात्र तो शेकोटीपाशी बसून त्यांची तोंडं निरखत राहतो. आधी नुसता परका आवाज. मग मधेच एखादा शब्द ओळखीचा. मग दोन शब्द. मग अख्खं वाक्य. आणि एका रात्री ते त्याच्या आईवरून काहीतरी बरळतात आणि तो त्यांच्याच भाषेत चोख उत्तर देतो. आपणही त्याच्याबरोबर ती भाषा शिकलेलो असतो. आता ‘रेड ऑक्टोबर’ आठवा. सोव्हिएत पाणबुडीवर रशियन चालू आहे, राजकीय अधिकारी एका पुस्तकातला उतारा वाचतोय, कॅमेरा संथपणे त्याच्या ओठांपाशी जातो, ‘आर्मगेडन’ हा दोन्ही भाषांत सारखाच शब्द येतो, आणि त्या शब्दावर बिजागरी फिरावी तशी भाषा इंग्रजी होते. कॅमेरा मागे येतो आणि आपण पाणबुडीच्या आत असतो. एक सिनेमा सगळ्यांनी डोक्यावर घेतलेला, दुसरा अपयशाचं उदाहरण म्हणून सांगितला जाणारा. दोन्हींत एकाच माणसाचा हात ओळखू येतो, कारण दोन्हीकडे परक्या जागेत आपल्याला हाताला धरून आत नेलंय. हे दोन सिनेमे एकमेकांशेजारी ठेवले नाहीत, तर हे कुणाला दिसणार?

‘रेड ऑक्टोबर’मध्ये बंदुका जवळजवळ चालतच नाहीत, तरी तो अ‍ॅक्शनपटच आहे असं मी म्हणेन. पाण्याखाली काही दिसत नाही, म्हणून इथे जागा कानांनी उभी केली आहे. सोनारवर, म्हणजे पाण्यातले आवाज टिपणाऱ्या यंत्रावर, कान लावून बसलेला अमेरिकन जोन्स आणि समुद्रतळाच्या दरीतून घड्याळाच्या काट्यावर वळणं घेणारा सोव्हिएत कप्तान रामियस हे दोघं आपले डोळे होतात. सोव्हिएत पाणबुड्यांचं आतलं रूप काळं आणि क्रोमचं, अमेरिकन बोटी राखाडी. कट झाला की कुणाच्या पोटात आहोत हे रंगानेच कळतं. ध्वनिपरिणामांच्या संकलनासाठी त्याला ऑस्कर मिळालं ते उगाच नाही.

आणि त्याच १९९९ च्या ऑगस्टमध्ये, ‘थर्टीन्थ वॉरियर’च्या आधी तीन आठवडे, याच माणसाचा चित्रचोरीवरचा ‘द थॉमस क्राउन अफेअर’ आला होता. इतका नेटका, इतका निवांत, की एका महिन्यात एकाच दिग्दर्शकाची दोन अशी विरुद्ध कामं पडद्यावर असावीत याचं नवल वाटतं. शेवटी संग्रहालयात एकसारख्या गोल टोप्या आणि कोट घातलेले, हातात बॅगा घेतलेले कितीतरी पुरुष एकाच वेळी फिरायला लागतात आणि पोलिसांची दाणादाण उडते. इथे आपल्यालाही हरवायचंच आहे. पण ते दालन आपल्याला आधीपासून माहीत असतं, जिने कुठे, दारं कुठे, चित्र कुठे. ओळखीच्या जागेत हरवण्यात गंमत असते.

‘बेसिक’ (२००३) मध्ये ती गंमत नाही. पनामाचं जंगल, रात्र, वादळ, सतत पाऊस, एकाच गणवेशातली माणसं आणि त्या रात्री काय झालं याच्या एकमेकांना खोटं पाडणाऱ्या कहाण्या. पावसात चेहरे ओळखू येत नाहीत, कोण कुणाच्या मागे उभा होता ते कळत नाही. त्यामुळे पहिली कहाणी मनात ठसत नाही, आणि दुसरीने ती खोटी ठरवली तरी आपल्याला काहीच वाटत नाही. शेवटचा धक्का तर आधीचं सगळंच पुसून टाकतो. ‘क्राउन’ आणि ‘बेसिक’ दोन्ही फसवणुकीचे सिनेमे आहेत. जोडीने दाखवा, एवढंच म्हणतो.

‘मेडिसिन मॅन’ मी या यादीत ओढत नाही. तो अ‍ॅक्शनपट नाही आणि तुलनेला त्यातून फारसं हाती लागत नाही. पहिला ‘नोमॅड्स’ (१९८६) ज्यांना कुतूहल असेल त्यांनी बघावा.

तुमच्यापैकी काहींनी प्रास्ताविकात सांगितलेल्या एका गोष्टीबद्दल बोलायला हवं. मॅकटिअर्ननच्या घसरणीची कहाणी सांगताना त्याच्या तुरुंगवासाचा उल्लेख येतो. एका निर्मात्याचे फोन खासगी गुप्तहेराकडून चोरून ऐकवल्याच्या प्रकरणात तपास यंत्रणेशी खोटं बोलल्याबद्दल त्याला शिक्षा झाली आणि २०१३-१४ मध्ये तो तुरुंगात होता. घडलं ते घडलं, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण त्याच्यावर आरोप ठेवला गेला २००६ मध्ये. ‘रोलरबॉल’ आणि ‘बेसिक’ त्याआधी येऊन गेले होते. ‘बेसिक’नंतर त्याचा सिनेमा आलेला नाही याच्याशी त्या खटल्याचा संबंध जोडता येईल. ‘रोलरबॉल’मधला ट्रॅक का दिसत नाही, याचं उत्तर मात्र खटल्यात सापडणार नाही. ते पडद्यावरच शोधावं लागेल.

स्टुडिओचा हात त्यात किती, हा प्रश्न रास्त आहे. ‘रोलरबॉल’ २००१ च्या उन्हाळ्यातून पुढे ढकलून २००२ च्या फेब्रुवारीत आणला आणि पीजी-१३ प्रमाणपत्रासाठी, म्हणजे किशोरवयीन मुलांनाही बघता यावा म्हणून, कापला. रक्त काढलं की आघात कळत नाही, आघात कळला नाही की खेळाची किंमत कळत नाही. हे मी मान्य करतो. पण मूळ चित्रित केलेल्या तुकड्यांतच जागा नसेल तर संकलक ती कुठून आणणार? यावर चर्चेत वाद व्हावा. मला चूक ठरवणारं कुणी भेटलं तर आनंदच होईल. त्यासाठी सिनेमा आधी सगळ्यांनी पाहिलेला हवा.

मला ठाऊक आहे, तुम्ही म्हणाल, की ‘रोलरबॉल’ला येणार कोण? सभासद ‘डाय हार्ड’लाच गर्दी करतात. म्हणूनच एकटा लावू नका, जोडीने लावा. एका संध्याकाळी ‘प्रेडेटर’ आणि ‘रोलरबॉल’, एकच प्रवेशिका. आधी फसलेला आणि नंतर जमलेला, हा क्रम ठेवलात तर आणखी बरं. डोळ्यांना आधी उपास घडला की पुढच्या सिनेमातली प्रत्येक चौकट स्वच्छ दिसते, हे मी स्वतः अनुभवलंय. आणि प्रास्ताविकात ‘हा वाईट आहे’ असं आधीच सांगून टाकू नका. प्रेक्षकाला स्वतः ठेच लागू द्या.

दिग्दर्शकाचा अपमान होईल, असंही एका संयोजकांनी मला सांगितलं होतं. मला नेमकं उलट वाटतं. ज्या माणसाला एका इमारतीत दोन तास आपल्याला पावलापावलाने फिरवता आलं, त्याचं काम आपण वाचायला शिकलो, तर तो सन्मानच. तीन सिनेमे निवडून बाकीच्यांवर पडदा टाकणं म्हणजे त्याला पुतळा करून चौकात उभं करणं. पुतळ्याकडून कुणी काही शिकत नाही. सिनेमा करू पाहणारी किती तरुण मुलं तुमच्या खेळांना मागच्या रांगेत बसलेली असतात. ‘डाय हार्ड’ बघून ती भारावून जातात, आणि आपल्याला हे कधीच जमणार नाही असं म्हणत बाहेर पडताना मी त्यांना ऐकलंय. हे ज्याला जमलं त्यालाच पुढे चौदा वर्षांनी एक साधा ट्रॅक दाखवता आला नाही, हे त्यांनी बघितलं तर त्यांना धीर येईल. आणि कुठे लक्ष ठेवायचं तेही कळेल.

पुढच्या सिंहावलोकनात निदान एक जोडी ठेवा. कोणती ठेवायची ते तुम्ही ठरवा. माझं मत विचाराल तर ‘प्रेडेटर’ आणि ‘रोलरबॉल’. मी वेळेआधी येऊन बसेन. आणि एक छोटी विनंती: त्या दिवशीच्या पत्रिकेची मागची बाजू कोरी सोडा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
मागच्या रांगेतला एक सभासद